छपराचे पैसे

चर्चची धाकटी घंटा विकली, तेव्हा हा छापखाना आला.
साल अठराशे त्र्याहत्तर. घंटेला तडा होता,
तरी गावाने सहा महिने फादरांशी अबोला धरला.
मग पहिला अंक निघाला, चार पानांचा:
संतांचे दिवस, वासरांचे भाव, कुठे गारा पडल्या,
आणि शेवटच्या पानावर, काळ्या चौकटीत,
खोऱ्यातलं त्या आठवड्यात कोण कोण गेलं.
लोक पेपर मागूनच वाचायला लागले.
अजून तसेच वाचतात.

बोली स्लोव्हेन, सरकार जर्मन.
आमच्या तीन अक्षरांच्या डोक्यावर एक छप्पर असतं,
उलटं घातलेलं, पावसाचं पाणी साचेल असं.
च, श, झ.
तेवढ्या तीन छपरांखाली आम्ही वेगळे राहतो.

ओझबॉल्ट जुळारी ते खिळे वेगळ्या खणात ठेवायचा.
मी कामाला लागले तेव्हा तो सत्तरीचा,
पेन्शन घेऊनही रोज सातला येऊन बसायचा.
उलटं वाचायला त्याने मला शिकवलं,
चिमट्याने ओळ उसवायलाही.
एक्केचाळीसमध्ये वर्दीवाले यंत्र उचलून घेऊन गेले,
शिसं पोत्यांत भरलं,
तेव्हा याने छपराचे खिळे कोटाच्या अस्तरात शिवले
आणि डोंगरावरच्या एका घरी
राईच्या पिठाच्या कोठीत लपवले. पाच हिवाळे.
परत आणले तेव्हा खाचांत पीठ बसलेलं,
पहिल्या अंकात प्रत्येक झ पांढुरका उमटला.

ही गोष्ट आमच्या शाळेत सांगतात.

सांगत नाहीत ती अशी.
तळघरात जुने गठ्ठे बांधताना
अडतीसच्या एप्रिलचा अंक हाती लागला.
पहिल्या पानावर, सगळ्यात मोठ्या टायपात,
नव्या राज्याचं स्वागत.
मजकूर बिशपांच्या कचेरीतून आलेला,
स्लोव्हेनमध्ये, तिन्ही छपरांसकट.
जुळवणी ओझबॉल्टची.
स्वल्पविरामानंतर तो केसभर जास्त जागा सोडतो,
ती मी अंधारातही ओळखेन.
मथळ्यात एक अक्षर उलटं पडलंय.
आताचे फादर म्हणाले, बघ, हा त्याचा निषेध.
मी ओझबॉल्टला विचारलं.
तो बराच वेळ कॉफी ढवळत राहिला. साखर तो घेत नसे.
म्हणाला, त्या रात्री दिवा अंधुक होता.
मुद्रितं तपासायला कुणी नव्हतं.
मी पुढे विचारलं नाही,
आणि आता विचारायला तो नाही.
त्याची चौकट मीच केली.

या जूनला छापखाना बंद.
पेपर निघेल, पण छापून येईल शहरातून, ट्रकने.
हॉल चर्चच्या वित्तसमितीने फर्निचरवाल्याला दिला.
शिसं भंगारात गेलं, किलोवर.
घंटेपेक्षा कमी आलं, हिशेबनीस म्हणाला.
घंटेचा भाव याला कुठून ठाऊक, देव जाणे.

मी शेवटच्या पानाची. चौकटी फोनवर घेते.
नव्या संगणकात झ काढायला
तीन कळा एकदम दाबाव्या लागतात.
काल वरच्या पठारावरून एका बाईंचा फोन आला.
नवऱ्याचं नाव सांगितलं: ब्लाझ.
शाळेच्या दाखल्यावर ब्लात्स, म्हणाल्या,
लष्कराच्या कागदावर ब्लात्स, विम्यावर, इस्पितळात,
पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या चिठ्ठीवरसुद्धा.
दगडाचं मुलगा बघणार, त्याचा काय भरवसा.
थांबल्या. मागे कुणीतरी भांडी ठेवत होतं.
तुम्ही छप्पर घालाल ना?
त्याचे वेगळे पैसे पडतात का?

आमच्या दरपत्रकात अक्षराला दर आहे,
चौकटीला आहे, क्रुसाला आहे.
नाही, मी म्हणाले, ते अक्षरातच धरतात.

मग एक ओळ वाढवा, त्या म्हणाल्या.
त्याच्याकडे मधमाश्या होत्या, तेही लिहा.