भेगेची खोली

बेशाच्या घरामागं मला लाकडी ओटा हवा होता.
दोन खुर्च्या मावतील, जुना कुलर मावेल, इतकाच.
"दीड-दीड फुटाचे खड्डे काढा," मी म्हटलं,
"सहा खांब, काय लागतं त्याला?"

डोमाजी सहारे काही बोलले नाहीत.
मे महिन्याची काळी माती, पायाखाली वाटीएवढे तुकडे.
त्यांनी सळई घेतली, एका भेगेत सोडली.
ती गेली.
जातच राहिली.
मग चिमटीत धरून वर काढली
आणि टेप लावला: साडेचार फूट.

"इथवरी हालते हे, म्याडम.
याच्या वर ठेवसान ते तिचं,
याच्या खाली ठेवसान ते तुमचं."

त्याच रात्री विनिपेगहून हेमराजचा फोन.
त्याच्या अंगणातल्या डेकचा एक पाय
हिवाळ्यात वर आला, दार अडकलं.
"मातीतलं पाणी गोठतं ताई, आणि उचलतं.
तुमच्या नागपुरात काय, मजा."
मी बॅटरी पेटवली, कॅमेरा भेगेकडे वळवला.
पलीकडे तो बराच वेळ गप्प.

सहा फुटांवर पिवळा मुरूम लागला.
खड्डा खाली रुंद, वर निमुळता, सुरईसारखा.
खांबाला प्लास्टिकचा कागद गुंडाळला,
माती फुगली तर घसरून जाईल, धरून नेणार नाही.
आणि तुळईखाली चार बोटं मोकळी जागा.
"ही काहून सोडली?"
"तिले उठाले जागा नको?"

अकरा हजार वाढले. मी कुरकुरले.
डोमाजींनी पैसे मोजले, दोनदा,
आणि चहा अर्धाच ठेवून गेले.

ऑगस्टमध्ये शेजारच्या बोरघरे काकांचं फाटक लागेना.
आमच्या न्हाणीची जुनी पायरी, मीच सांगून बांधलेली, एक फुटाचीही नाही,
मधोमध फुगली, पोळीसारखी.
ओटा होता तसाच.
मी चिखलात गुडघे टेकले, तुळईखाली हात घातला.
दोन बोटं.

हेमराजला फोटो पाठवला.
त्यानं विचारलं, कसला आहे हा?
मी लिहिलं, अंतराचा.
मग वाटलं, हे नीट समजणार नाही,
आणि खोडलं नाही.