भाट्ये पुलावर, डाव्या कडेने

एकोणतीस वर्षं मी हा रस्ता वरून पाहिला,
एसटीच्या सीटवरून, जिथून सायकलवाला म्हणजे
डाव्या आरशात हलणारं एक डोकं,
आणि मग आरशात काहीच नाही.

रिटायर झालो, मोतीबिंदू काढला,
डॉक्टर म्हणाले, काहीतरी चालवा, गुडघे गंजतील.
म्हणून नातवाने टाकलेली सायकल.
सीट खाली केली, घंटी नवी घेतली
आणि पहिल्याच दिवशी कळलं
की रस्त्याला डावी कड असते.
डांबर संपतं तिथे चार बोटं खाली पडलेली,
जांभ्याची भुकटी, फुटकी बाटली,
टेम्पोतून गळलेलं मासळीचं पाणी,
आणि गटाराची जाळी, जिच्या फटी
नेमक्या चाकाएवढ्या.
पांढऱ्या पट्ट्याबाहेर उरतं ते आपलं.

मागून येणारी गाडी आधी मानेला कळते.
डंपर आत ओढतो, मग बाहेर ढकलतो.
पाहुण्यांची मोठी गाडी काच खाली करते,
"काका, विमान घ्या!"
रिक्षावाला सुर्वे सगळ्यात जवळून घासतो,
ओळखीचा आहे म्हणून.

ट्रेनिंगला अंतरं शिकवली होती:
घाटात इतकं, पावसात इतकं.
सायकलीबद्दलही काहीतरी होतं बहुतेक.
त्या तासाला चहा आला होता.

निजाम फणसोपकर पाव विकायचा,
कॅरिअरला पत्र्याची पेटी.
पूल तेव्हाही एवढाच,
पूर्णगड गाडी अकरा मिनिटं लेट,
मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.
तो कठड्याला आपटला. पेटी उघडली.
काजळीच्या पाण्यावर पाव तरंगताना
मी आरशात पाहिले.
मोजायला वेळ होता,
थांबायला नव्हता.

आज सकाळी पुलाच्या मध्यावर
मागे तोच आवाज,
दुसऱ्या गिअरमध्ये कण्हणारी एसटी.
मान आखडली. हॉर्नची वाट पाहिली.
आला नाही.
खाली भरती, तोंडावर वारा,
आणि मागे पन्नास माणसं,
कुणाची कोर्टाची तारीख, कुणाची मासळीची पाटी,
सगळी माझ्या गुडघ्यांच्या भरवशावर.
खरं सांगतो, बरं वाटायच्या आधी
लाज वाटली.
जा रे बाबा, म्हणून हात करावा
तर तोल जातो.

पूल संपला. मी कड धरली.
गाडी गेली, दीड हात सोडून,
खिडकीतून कंडक्टरबाई ओरडली,
"आजोबा, उद्या पाच मिनिटं आधी निघा हो!"
बरोबरच आहे तिचं.
ड्रायव्हरचं तोंड दिसलं नाही.
डाव्या आरशात मी त्याला
किती वेळ दिसत राहिलो असेन?

तसाच राजिवड्यात गेलो, निजामच्या बेकरीत.
गल्ल्यावर आता मुलगा बसतो.
आठ पाव घेतले, शंभराची नोट दिली,
म्हटलं, सुटे राहू देत.
त्याने नोट उलटीसुलटी पाहिली,
आत तोंड करून ओरडला,
"अब्बा, हे काका सुटे नको म्हणतायत."
भट्टीजवळून आवाज आला, "कसले?"
आणि हाताचं पीठ पुसत
तो बाहेर यायला लागला,
किंचित लंगडत,
किंवा मला तसं वाटलं.