पासंग

जानेवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी मी अर्ध्या कागदाच्या चिठ्ठ्या वाटते.
चार रकाने : गृहपाठ, प्रयोग, चाचण्या, शेवटची परीक्षा.
बेरीज शंभर.
दहाच्या खाली काही नको, पन्नासच्या वर काही नको.
बाकी तुमचं तुम्ही ठरवा, म्हणते
आणि खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहते.
माणूस स्वतःचं वजन करत असताना
त्याच्याकडे बघू नये.

खाली डलूथचं बंदर. सरोवर काठानं गोठलेलं.
कच्चं लोखंड वाहणारी जहाजं हिवाळ्यापुरती बांधून ठेवलेली,
पोटं रिकामी, म्हणून पाण्याबाहेर उंच आलेली.
कुशीवर रंगवलेले खोलीचे आकडे
सगळे उघडे.

एकोणीस वर्षं हे मीच ठरवत होते.
वीस, वीस, तीस, तीस.
माझ्या आधीच्या बर्नीसबाईंच्या फायलीत टाइप केलेले सापडले होते.
त्यांना कुठून मिळाले, विचारायचं राहिलं.
तराजू सरळ दिसावा म्हणून
हलक्या पारड्याखाली खडा बांधतात, तो पासंग.
तो माझ्या बोटात होता,
आणि मी समजत होते, तराजूच सरळ आहे.

चिठ्ठ्या येतात.
होडान वृद्धाश्रमात रात्रपाळी करते :
गृहपाठ दहा, परीक्षा पन्नास.
'एक सकाळ मागून घेता येते, बाई. पंधरा संध्याकाळी नाही.'
पा न्हियाचे चारही रकाने पंचवीस.
चार भावंडांत वाढलेल्या मुलीला
वाटणी शिकवावी लागत नाही.
मार्लीन डिफो प्रयोगाला पन्नास देते, आणि बरोबरच देते,
तिच्या हाताखाली नळीतला थेंबसुद्धा
विचारून पडतो.
ब्रॉडीची बेरीज एकशे दहा. परत केली तर नव्वद.
'हातचा विसरलो,' म्हणतो.

झेरॉक्सच्या खोलीत गॉर्डन म्हणाला,
उद्या पगारही त्यांनाच ठरवू दे आपला.
मी हसले. कागद अडकला होता,
तो ओढत राहिले.

रेइनो कांगास, वय एकसष्ट.
तीस वर्षं गोदीवर, मग गोदीनं त्याला उतरवलं.
आता पाणी शुद्ध करायच्या केंद्रात नोकरी हवी,
त्यासाठी रसायनात सत्तर.
त्यानं परीक्षेला पन्नास दिले.
'शेवटी जमतं माझं. जहाज भरताना
शेवटची झाकणं मीच बघायचो.'

मे महिन्यात मी एक चोरी करते.
सगळ्यांचे गुण दोन्ही मापांनी काढून बघते,
त्यांच्या आणि माझ्या.
बहुतेकांना अर्ध्या-पाऊण गुणाचा फरक.
एवढ्यासाठी एवढा खटाटोप,
असं वाटेवाटेपर्यंत
रेइनोचं नाव येतं.
परीक्षेत बावन्न.
त्याच्या मापानं छासष्ट. माझ्या मापानं बहात्तर.

त्याला बोलावलं. दोन्ही आकडे समोर ठेवले.
जुना नियम अजून मोडलेला नाही, म्हटलं,
लावता येईल.
त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला.
'हे बहात्तर कुणाचे?'
माझे.
'आणि माझे?'
मी छासष्टवर बोट ठेवलं.
ते उचलायला मला जरा वेळ लागला.

'मग राहू द्या,' म्हणाला.
'माल चढल्यावर काट्याला हात लावत नाहीत.'
जानेवारीतली ती चिठ्ठी मागून घेतली,
शर्टाच्या खिशात ठेवली.
दारातून वळला,
'पुढच्या वेळी गृहपाठाला चाळीस.
रोजचं मला येतं, हे माहीतच नव्हतं.'

खिडकीतून दिसलं,
एक जहाज पुलाखालून निघालं होतं, काठोकाठ भरलेलं.
आकडे पाण्याखाली गेलेले.

त्याचे बहात्तर माझ्या वहीत आहेत अजून,
पेन्सिलीनं.
खोडरबर टेबलावरच असतं.