वासरं धरणारा

आमच्या घरात वारसा एकच: जनावर धरणं.
पणजा मष्णू टिळकवाडीत, लशीच्या डेपोत, वासरं धरायचा.
साहेब पोटावरचे केस भादरायचा,
बारीक ओरखडे काढायचा, त्यात देवी पेरायचा,
पाच-सहा दिवसांनी पीक खरवडून घ्यायचा.
पीक, हाच शब्द होता आजाच्या तोंडात,
जसं काही पोट म्हणजे दोन गुंठे रान.
आता तिथं लोक सकाळी चालायला जातात.
झाडं तेवढी त्या वेळची.

मी बेकिनकेऱ्याला, स्कूटीवर,
पायांत बर्फाची पेटी.
पेटीत शेळीच्या देवीची लस, गाईंसाठी.
गाईची स्वतःची अजून यायचीय, म्हणाले हिरेमठ डॉक्टर,
तोवर ही चालते.
चुलतबहिणीची साडी, लग्नापुरती.

सातेरीच्या गोठ्यात मोरी उभी.
कातड्याखाली कुणी सुपाऱ्या भरल्यागत
मानेपासून शेपटापर्यंत गाठी.
पुढचा पाय सुजून मेढीएवढा.
डोळ्यांतल्या पाण्यावर माश्या,
सोंड एकीत बुडवायची
आणि पुसायची दुसरीत.

फॉर्म कन्नडमधला. चर्मगंटू रोग, मी लिहिते.
कातडं, गाठ, रोग.
तिसरा शब्द तरी बदलावा लागत नाही.

"हिला टोच की," सातेरी म्हणतो.
आजारी जनावराला टोचत नाहीत
हे सांगताना मी पेटीच्या झाकणाकडं बघते.
वासराला टोचते.
धरायला मीच, टोचायलाही मीच:
मान गुडघ्यांत, कान डाव्या मुठीत.
मष्णूची पकड म्हणे अशीच होती.
त्याच्या हाताखालून गेलेली वासरं
पुढं कुठं जायची, आजा बोलला नाही.
मी विचारलंही नाही.

लगमव्वा उंबऱ्यात मिरी आणि विड्याची पानं वाटत बसलेली,
सातेरीची सासू, मराठीला कन्नड हेल.
"मरगाईचा गाडा शिवंवर सोडून या की रे.
आमच्या लहानपणी सोडायचे."
मग काय व्हायचं, आज्जी?
"व्हायचं काय! पलीकडची रात्रीत परत ढकलायची.
आमची माणसं पुन्हा तिकडं.
चाक मोडेस्तोवर."
हसते. वरवंटा थांबत नाही.

तेवढ्यात सातेरीचा पोरगा बटाट्याचा पाला आणतो मूठभर.
कडेनं उकडल्यागत काळा पडलेला,
खालच्या अंगाला पांढरी लव.
"ह्याला पण हाय काय इंजेक्शन?"
करपा, मी म्हणते.
लगमव्वा पान उलटं करते, उजेडाकडं धरते.
"अंगमारी," म्हणते.
मग थोड्या वेळानं, पानालाच:
"गाडा नाही, बैल नाही,
कशावरनं आलीस ग बाई एवढी?"

दवावरनं, सांगावंसं वाटतं,
चार ढगाळ दिवसांवरनं,
गेल्या सालच्या बियाण्यातनं.
सांगत नाही.
पोरगा उरलेला पाला उकिरड्यावर टाकायला निघतो,
तेव्हा मात्र ओरडते: जाळ तो!

हात धुवायला ती तांब्या ओतते. पदर घसरतो.
दंडावर दोन खुणा,
घासून गुळगुळीत झालेल्या पैशासारख्या,
कडा अजून जरा दातेरी.
मला ते दोन गुंठे रान आठवतं,
आणि मूठ आपोआप वळते
कुणाचा तरी कान धरल्यागत.

मोरी सकाळपासून वैरणीला शिवलेली नाही.
आता मान लांब करून
नेमका तोच दंड चाटते,
खरखरीत, थांबून थांबून.
"हां, हां," म्हणते लगमव्वा,
हात काढून घेत नाही.

रकाना भरते: लसीकरण, नाही.
कारण, याला दोन बोटं जागा.
पेटीतला बर्फ निम्मा पाणी झालाय.
अजून चौदा गोठे.