बार

घरात शंभर बार आहेत म्हटल्यावर
खालच्या मजल्यावरचे पाटणकर हसले:
अख्ख्या कांजूरमार्गात एवढे नाहीत, वहिनी.
मीही हसले. सांगितलं नाही
की एकाच नळकांड्यात आहेत सगळे,
आणि ते कपाटात, रजयांच्या मागे, आडवं निजलंय.

प्राप्तीने जाताना फ्रिजवर यादी चिकटवली.
नाशिकला नोकरी लागली होती, खांदा बरा होत होता.
शून्य पॉइंट चारने हुकलेल्या मॅचचा
विषय काढायचा नाही, हे यादीत नव्हतं.
आम्हाला कळलं.

यादीत होतं ते असं:
सिलिंडर रायफलपासून वेगळा.
भरगच्च नको, रिकामा तर अजिबात नको.
आत थोडा दाब असला की
रबरी कड्या आपापल्या जागी बसून राहतात.
काटा शंभराखाली गेला तर फोन कर.

(काटा गेला नाही. फोन मी तरीही करते.)

पेटीत ठेवायची नाही.
हे मला पटेना. पाच आकडी पैसे मोजलेली पेटी,
आत करडा स्पंज, रायफलच्या आकाराचा खड्डा,
आणि ती रिकामी पलंगाखाली?
सासरे म्हणाले, बरोबर बोलते पोर.
हसुराम भोईर. चाळीस वर्षं मिठागरात.
फावड्याची पाती, कुलपं, सायकलची चेन
हातातल्या हातात भुगा होताना बघितलेला माणूस.
"स्पंज पाणी धरून ठेवतो गो, विसरत नाही.
इथली हवा खारी. लोखंड वरून चकचकीत
नि आतून त्याला मीठ खात बसलेलं."
म्हणून ती कपाटात उभी असते,
एका अंगाला माझा शालू, दुसऱ्या अंगाला ह्यांचे शर्ट,
नळीत नारिंगी दोरी:
आत काही नाही, याची खूण.

दर दुसऱ्या रविवारी काढते.
नळीतून फेल्टच्या गोळ्या, मागून पुढे,
पुढून मागे कधीच नाही.
पहिली काळी येते, दुसरी राखाडी,
तिसरी पांढरी आली की
ताप उतरलेल्या पोराची जीभ बघितल्यासारखं वाटतं.
सिलिकाच्या पुड्यांतले दाणे हिरवे पडले
की जुन्या तव्यावर, मंद आचेवर, पुन्हा केशरी होईतो.
त्या तव्यावर आता भाकरी होत नाही.

एकदा चुकणार होते.
कडीला ग्रीस लावायचं, तांदळाच्या दाण्याएवढं,
आणि डबी सापडेना.
शिलाई मशीनचं तेल हाताशी होतं,
वीस वर्षं ब्लाउज शिवतेय त्याच तेलावर.
व्हिडिओवर प्राप्ती ओरडली: आई, नको!
दाबलेल्या हवेला तेल लागलं की पेट घेतं.
मी बाटली खाली ठेवली.
किती दिवसांनी ऐकला तो आवाज,
रेंजवर मागे बसून मी कुजबुजले
की मला गप्प करायचा तो.

नातेवाईक विचारतात, पोरीचा बार कधी उडवताय?
मी म्हणते, काटा बघून सांगते.

काल रात्री साडेअकराला तिनेच फोन केला.
जेवलीस का नाही, आजोबा कसे नाही.
आई, सिलिंडरवर कोरलेली तारीख वाच.
दहा वर्षांनी तो बाद होतो,
मग कुणी भरून देत नाही.
मी चष्मा शोधला. सासरे टॉर्च घेऊन उठले,
पाठोपाठ हे, बनियनवर, काय झालं काय झालं करत.
रजया बाजूला केल्या. थंडगार होता.
महिना. तिरपी रेघ. वर्ष.
मी वाचलं. तिने बोटांवर मोजलं असावं,
वेळ लागला.
मग म्हणाली, अजून चौदा महिने आहेत.

मी काही बोलले नाही.
टॉर्च जरा खाली धरायला सांगितला
आणि काटा बघितला.
शंभर. किंचित वर.