पाठ

कोर्टाच्या खुर्च्या मी वासावरून ओळखतो,
शाई, घाम आणि ऑइलपेंटने टाकलेला नंबर.
ही काल टेम्पोतून उतरली
तर फरशीवर टेकतानाच आवाज वेगळा आला.
चार पाय, चार दिशांना फाकलेले,
नुकतं जन्मलेलं वासरू उभं राहतं तसे.

आणणारा पुण्याचा, विचारत विचारत मिरजेत माझ्या दारात.
म्हणाला, मिड-सेंच्युरी आहे, जपून.
म्हटलं, शतक मला दिसत नाही.
सागवान कळतं.

हात टेकायची फळी पुढे रुंद, मागे निमुळती,
मरळ माशासारखी.
खिळा कुठेच लागेना.
बैठक मागे झुकलेली, अशी की
बसणाऱ्याला हुकूम सोडताच येऊ नये,
नुसती चप्पल काढावी.

जुना वेत कापला, तर भोकांतून
कृष्णेचा गाळ मांडीवर सांडला, पिठासारखा.
कुठल्या सालचा पूर, मी विचारलं नाही.

असं काम या भागात एकाचंच. दस्तगीरला फोन लावला.
व्हय, अब्बांचंच हाय, म्हणाला. छप्पन नायतर सत्तावन्न.
साखर कारखान्याचे केमिस्ट गोडखिंडी
परदेशी मासिकाचं पान घेऊन आलेले,
बाबालाल, गेस्टहाउसला अशा सहा कर.
पानावर खुर्ची समोरून. माप एक नाही.
मग अब्बांनी केमिस्टलाच भुशाच्या पोत्यावर बसवलं
आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत सुतळी धरली.

आणि पाठ रे?

पाठ फोटोत नव्हतीच की.
ती त्यांनी मनानं केली.

फोन ठेवून मी खुर्ची फिरवली.
वरच्या पट्टीला मागून एक खोलगट जागा,
चार बोटं बरोबर बसतील एवढी,
खुर्ची उन्हातून सावलीत ओढणाऱ्याची.
चौकटीच्या डाव्या बाजूला अकरावं भोक चुकलेलं.
खुंटी ठोकून बुजवलंय, काचेच्या तुकड्यानं घासलंय
आणि शेजारी दुसरं पाडलंय.
डोळस माणसाला हे सापडायचं नाही.
मी बराच वेळ बोट तिथंच ठेवून बसलो,
चहा गार झाला.

संध्याकाळी पुणेकराचा फोन.
डिझाइन कुणाचं, कळलं का? गिऱ्हाईक विचारतं.
म्हटलं, पुढून कुणाचं ते त्या मासिकाला विचारा.
मागून बाबालाल मिस्त्रीचं.
लिहून घ्या.
आणि वेत अजून बादलीत भिजतोय,
गुरुवारच्या आत येऊ नका.