जनरल रजिस्टर

निवृत्त झाले त्या दिवशी शाळेतून एकच वस्तू आणली:
कोरं राहिलेलं जनरल रजिस्टर.
लाल कापडी बांधणी, एका कोपऱ्याची वाळवीनं चव घेतलेली.
न्या परेराबाई, हेडमास्तर म्हणाले,
आता सगळं संगणकातच.

एकतीस वर्षं मी असल्याच रजिस्टरात मुलं लिहिली.
आता मनोरीत, नवऱ्याच्या वाटणीच्या सात गुंठ्यांवर,
जिथे रिसॉर्टवाला दर नाताळला केक आणून
जाता जाता भाव विचारतो,
मी शेळ्या लिहिणार होते.
कुठल्याही नव्हे. कोकण कन्याळ.
काळ्याभोर तोंडावर नाकपुडीपासून कानापर्यंत
दोन पांढऱ्या रेघा, पट्टीनं आखल्यासारख्या.

कुडाळच्या पलीकडचा तातू म्हापणकर
दर सांगेना. आधी माझीच परीक्षा.
"पावसात खंय बांधतलंस?"
जमिनीवर, म्हटलं, गोणपाट घालून.
"मगे नको. जा, माचो बांध. मगे ये."

परत आले. माचा बांधला,
कमरेएवढा उंच, दोन फळ्यांत फट ठेवून.
लेंडी पडावी, खूर अडकू नये,
एवढीशी फट ठरवायला आठ दिवस.
सुतार लुकास म्हणाला, शेळी येतेय की सून?

दुसऱ्या खेपेला तातूनं दोघी दिल्या,
तवशी आणि काजळी.
दात बघायला शिकवलं, खूर कापायला शिकवलं,
जंताचं औषध जिभेच्या बाजूनं कसं सोडायचं तेही.
बोकड मागाहून पाठवतो, म्हणाला.
मार्व्याच्या धक्क्यावर फेरीवाल्यानं विचार करून
दोघींची दोन तिकिटं फाडली.
काजळी खाडीभर गप्प.
तवशीनं स्वतःचं तिकीट खाल्लं.

त्या रात्री रजिस्टर उघडलं.
विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव: तवशी तातू म्हापणकर.
जन्मस्थळ: कुडाळ. मागील शाळा: तातूचा गोठा.
वर्तणूक: चांगली नाही. शेजारच्या ॲग्नसची पपई.
आणि जात, या रकान्यात, ठळक, शाई ओली असताना टीपकागद ठेवून:
कोकण कन्याळ.

बोकड काही आला नाही.
"धाडतंय, धाडतंय," फोनवर तातू,
मग त्याची कंबर, मग भातकापणी.
एका सकाळी तवशीचा दावा नुसताच लोंबत होता.
संध्याकाळी ती आपली आपण आली,
अंगाला कोणाचा तरी उग्र वास,
डोळ्यांत काहीच न घडल्याचा आव.

पाच महिने मी दिवस मोजले.
पहाटे तीनला, टॉर्च दातात धरून,
हातात आलं ते ओलं, गरम, थरथरतं:
डाव्या गालावर रेघ. लख्ख.
उजवा गाल कोरा.

पुसून बघितलं. दोनदा.

मग रजिस्टर. जन्मतारीख अक्षरी लिहिली.
आईचे नाव लिहिले.
जात, इथे पेन थांबलं
आणि बावीस वर्षांपूर्वीची एक बाई आठवली,
काउंटरच्या पलीकडे, मुलाचा हात धरून:
तेवढं नका लिहू.
रकाना मोकळा ठेवता येत नाही, मी म्हटलं होतं,
आणि तिच्यादेखत भरला होता.
ती काहीच बोलली नाही. मुलगा भिंतीवरचा नकाशा बघत होता.

पण तातू विचारेल. विचारायलाच हवं.
कन्याळ आता मोजक्याच उरल्यात, म्हणतो तो,
खोटी नोंद म्हणजे पुढच्या साऱ्या कळपात खोट.
म्हणून शेऱ्यात खरं लिहिलं:
बाप माहीत नाही. रेघ एक. पैदाशीस धरू नये.
जातीचा रकाना तसाच सोडला.
कोणी ओरडलं नाही.

ते माच्यावर उभं राहायला बघतंय.
चारदा पडलं, पाचव्यांदा
मागचा खूर फळ्यांच्या फटीत गेला.

उद्या लुकासला बोलवायचं.
फट मी मोठ्यांच्या मापाची ठेवली होती.